बिनदारांचं गाव

४ ऑक्टोबर

ठके,

पाकिटावरचं अक्षर ओळखून तू हे पत्र बाजूला ठेवशील आणि जेवण झाल्यावर उघडशील. आई आहे तुझी, एवढं मला कळतं. फोन तू उचलत नाहीस, आणि उचललास तरी इथे टॉवर नाही. म्हणून पत्र.

मी कुठे आहे ते आधीच सांगते, नाहीतर दुसऱ्या कुणाकडून कळून तुझं डोकं फिरेल. धरणात जाणाऱ्या त्या गावात मी राहायला आले आहे, काचा घासून चष्मे बनवणाऱ्या त्या चष्मेवाल्या बाईंच्या घरात. पत्ता तुला पाठच असेल. सरकारतर्फे तूच तो कोर्टात वाचून दाखवत होतीस.

सगळं गाव उठवलं तरी बाई हलल्या नव्हत्या. परवा न्हाणीत घसरल्या आणि खुब्याचं हाड मोडलं. भाच्याने शहरातल्या इस्पितळात नेलं. निकाल तुमच्या बाजूने लागला असला तरी बाईंच्या घरापुरतं अपील शिल्लक आहे, आणि ते सुटेपर्यंत राहत्या घरातून कुणाला काढायचं नाही असा हुकूम आहे. राहत्या घरातून. घर रिकामं सापडलं की हुकूम संपला. इस्पितळातल्या खाटेवरून बाईंनी माझा हात धरला. म्हणाल्या, "मी परत येईपर्यंत तुम्ही राहाल का?" मी हो म्हटलं. आयुष्यभर माणसाच्या घरावरच्या हक्काबद्दल बोलत आले. तोंडाची वाफ किती दिवस दवडायची?

"रिकाम्या घराला हक्क नसतो, हक्क आत राहणाऱ्याला असतो." गावाच्या बाजूने मी उभी असताना माझ्याच पुस्तकातलं हे वाक्य तू माझ्याविरुद्ध वाचलंस, तेव्हा न्यायमूर्तींकडे बघत होतीस, माझ्याकडे नाही. वाक्य माझं, आवाजही जवळजवळ माझाच. नंतर व्हरांड्यात तू म्हणालीस, "आई, यात वैयक्तिक काही नाही." मी म्हटलं, "घराच्या बाबतीत सगळंच वैयक्तिक असतं." त्यानंतर आपण बोललेलो नाही.

माझी काळजी करू नकोस. घर कोरडं आहे, झोप उत्तम लागते.

आई


११ ऑक्टोबर

ठके,

उत्तर नाही, ठीक आहे. धरणाचा चौकीदार रोज सायकलवरून येतो. तो पत्रं नेतो आणि बदल्यात चहा पितो. बोलका माणूस. स्वतःच प्रश्न विचारतो, स्वतःच उत्तर देतो, त्यामुळे माझे कष्ट वाचतात.

तू हे गाव नकाशावरच पाहिलंस, म्हणून सांगते. इथे एकाही घराला दार नाही. लोकांनी जाताना दारं काढून नेली. नव्या वसाहतीत पत्र्याची दारं आहेत म्हणे, आणि जुनं लाकूड कोण सोडेल? काहींनी चौकटीसुद्धा उपटून नेल्या. भिंती उभ्या आहेत, छपरं आहेत, आणि जिथे दार होतं तिथे माणसाच्या उंचीचा काळोख. रस्त्याने चालताना दोन्ही बाजूंनी उघडी तोंडं आपल्याकडे बघतात. अख्ख्या गावात दार शिल्लक आहे ते फक्त या घराला.

मला माझी पहिली नोकरी आठवली. लॉ कॉलेजात नुकती लागले होते. एका घरात खोली घेतली होती. घरमालकीण दार न वाजवता आत यायची, माझी पत्रं वाचायची, वर त्यातल्या शुद्धलेखनाच्या चुका सांगायची. वर्षभराने मी दुसरीकडे गेले. तिथे दाराला आतून कडी होती. पहिल्या संध्याकाळी कडी लावून मी जमिनीवर नुसती बसून राहिले. स्वातंत्र्य म्हणजे काय ते मला तेव्हा कळलं. त्यावरची जाडजूड पुस्तकं नंतर वाचली. माझं सगळं लिखाण त्या कडीतून निघालं. जमीनदार मला झोपडीवाल्यांची बाई म्हणाले, झोपडीवाल्यांचे पुढारी जमीनदारांची बाई म्हणाले. दोघेही चिडले, तेव्हा वाटलं की आपण बरोबर बोलतोय.

चौकीदार दिवेलागणीच्या आत निघतो. आज म्हणाला, "मॅडम, संध्याकाळी घराबाहेर पडू नका हं. उगीच." मी विचारलं, "का? साप?" तो म्हणाला, "सापच म्हणा." आणि सायकलवर बसला.

संध्याकाळी थोडे आवाज येतात, पण तो वारा आहे.

आई


२३ ऑक्टोबर

ठके,

मागच्या पत्रात वारा लिहिलं ते खोटं होतं. इथे संध्याकाळी वारा पडतो. पानसुद्धा हलत नाही.

आवाज दारांचे आहेत. उन्हं उतरली की गावाच्या वरच्या टोकापासून सुरू होतात. आधी लाकूड चौकटीवर आपटतं, मग कडी सरकते. मग शेजारचं घर, मग त्याच्या शेजारचं. दिवस संपल्यावर लोक घरोघरी दारं लावून घेतात ना, अगदी तसं. एखादं दार फुगलेलं असावं, ते दोनदा ओढावं लागतं. एक कडी कुरकुरते. हे सगळं उतारावरून खाली येत येत समोरच्या घरापर्यंत पोचतं. शेवटचं ते. मग शांतता.

समोरच्या घराला दार नाही. चौकटही नाही. बिजागऱ्यांच्या जागी भिंतीला खड्डे आहेत.

मी मुळात संशयी बाई. माझ्याच दाराचा प्रतिध्वनी असेल म्हणून एक संध्याकाळ दार सताड उघडं टाकून बसले. आवाज तसेच आले. कान गेले असतील म्हणून चौकीदाराला थांबवून घेतलं. तो थांबला, पण कानांवर हात ठेवून. "मॅडम, मला ऐकायचं नाही," म्हणाला. "ऐकलं की नोकरी होत नाही."

मी भ्यायले का? पहिल्या दिवशी अंगावर काटा आला, खरं सांगते. आता सगळ्यांची दारं लागली की मीही उठते आणि आपलं दार लावते. शेजारधर्म म्हण.

आई


२ नोव्हेंबर

ठके,

आज भर दुपारी घडलेलं सांगते. विहिरीकडे जाताना वळसा नको म्हणून मी वरच्या घराच्या अंगणातून मधूनच निघाले. रोजच जात होते. अंगणाच्या मध्यावर आले आणि आतून म्हाताऱ्या पुरुषाचा आवाज आला, "कोण आहे?"

दरडावून नाही. आपल्या अंगणात पावलं वाजली की कुणीही विचारेल तसं.

माझ्या हातातली बादली खाली पडली. मी म्हटलं, "मी. चष्मेवाल्या बाईंकडे राहायला आलेली."

आतून उत्तर आलं, "बरं. रस्त्याने जात चला."

मी रस्त्याने गेले. विहिरीच्या काठावर बसून हसू की रडू कळेना. इतकी वर्षं विद्यार्थ्यांना शिकवत आले की दुसऱ्याच्या जागेत पाऊल टाकताना परवानगी घ्यावी, आणि मीच घुसखोर निघाले.

धीर आल्यावर परत जाऊन रस्त्यावरूनच आत पाहिलं. रिकामी खोली. जमिनीवर कौलांचे तुकडे, कोपऱ्यात वारूळ. पण अंगण झाडलेलं होतं, ठके. मातीवर खराट्याच्या रेघा होत्या.

कायद्यात आम्ही काय शिकवतो? माणूस घरातून गेला म्हणजे ताबा गेला असं नाही. जाताना सोडून देण्याचा हेतू हवा. या लोकांना पोलिसांच्या गाडीतून नेलं. देह उचलून नेले. हेतू कुणी विचारला होता का? मी हा मुद्दा कोर्टात मांडला होता, तू हसली होतीस. कुत्सितपणे नाही, थकून. मलाही तेव्हा तो नुसता मुद्दाच वाटला होता.

आई


१४ नोव्हेंबर

ठके,

काल तुमचे भूसंपादन अधिकारी पंचनाम्याला आले. बरोबर दोन पंच, पाडकामाचा ठेकेदार आणि त्याची चार माणसं. अधिकारी माझा विद्यार्थी निघाला, शेवटच्या बाकावरचा. वाकून नमस्कार केला आणि म्हणाला, "मॅडम, तुमचं घर सोडून बाकी सगळी रिकामी आहेत असं लिहायचंय फक्त."

"आत जाऊन पाहून लिही," मी म्हटलं.

ठेकेदाराची माणसं समोरच्या घरात शिरली आणि गेली तशी बाहेर आली. त्यांच्यातला मोठा म्हणाला, "साहेब, आत बिऱ्हाड आहे."

"कुठलं बिऱ्हाड? भिंतींशिवाय काय आहे तिथे?"

"दिसत नाही. पण बाई म्हणाली, जेवायला बसलेत, नंतर या."

ठेकेदार शिव्या घालत आत गेला. बाहेर आला तेव्हा टोपी हातात होती. मग अधिकारी गेला. तो बराच वेळ आत होता. मी रस्त्यावर उभी होते, आतून त्याचा आवाज ऐकू येत होता, हलका, एखाद्या वडीलधाऱ्यासमोर बोलावं तसा: "हो. नाही. मी फक्त कामासाठी आलोय. हो, बसत नाही."

बाहेर येऊन तो पायरीवर टेकला. मी पाणी दिलं. पाणी पिऊन त्याने गुडघ्यावर कागद ठेवला आणि लिहिलं, "घर रिकामे आढळले." पंचांनी सह्या केल्या. एकानेही वर पाहिलं नाही.

"खरं लिहिलंस का?" मी विचारलं.

"मॅडम," तो म्हणाला, "खरं लिहायला रकाना कुठे आहे?"

ठेकेदार पाडकाम न करताच गेला. पाणी आल्यावर आपोआप पडतील म्हणाला. तुझ्या फायलीत तो पंचनामा येईल. वाचशील तेव्हा हे पत्र शेजारी ठेव.

आई


२१ नोव्हेंबर

ठके,

काल तू येऊन गेलीस. जे झालं ते लिहून ठेवते, कारण उद्या तू स्वतःलाच सांगशील की झालं नाही.

कोर्टाचे काळे बूट घालून या धुळीत आलीस. वाळली आहेस. दारात उभी राहूनच म्हणालीस, "आई, पुरे आता. अपील पुढच्या आठवड्यात निघेल, आणि कसं निघेल ते तुलाही माहीत आहे. सामान भर."

"चहा तरी घे."

"चहा नको. तुझी पत्रं वाचली मी. डॉक्टरांना दाखवू आपण."

"माझं पत्र वाचलंस ना? मग झालं," मी म्हटलं. मला खरंच तेवढ्यानेच बरं वाटलं होतं.

तू चिडून फोन लावायला बाहेर गेलीस. रेंज मिळेना, म्हणून फोन वर धरून समोरच्या घराचं जोतं चढलीस आणि बोलता बोलता आत पाऊल टाकलंस. मी तुला अडवलं नाही.

आतून बाईचा आवाज आला, "कोण पाहिजे?"

आणि तू, सरकारी वकील, क्षणाचाही विचार न करता म्हणालीस, "कोणी नाही. सॉरी हं, चुकून आले." उलट्या पावली पायरी उतरलीस. तुझ्या तोंडासमोर दार लागलं. दिसलं काही नाही, पण त्याच्या हवेने तुझे केस मागे गेले ते मी पाहिलं. मग कडी.

तू माझ्याकडे वळलीस. लहानपणी ताप चढला की तुझे डोळे असे व्हायचे.

"आई, आत कोण आहे?"

"पंचनामा वाच. कोणी नाही."

मग तू चहा घेतलास. विचारलंस, "किती जण आहेत?" मी म्हटलं, "शेजाऱ्यांची शिरगणती करायची नसते." मग एकदम म्हणालीस, "हे मी कुठे मांडू, आई? कुणापुढे मांडू?" मी तुझ्या कपात आणखी चहा ओतला. पस्तीस वर्षांच्या प्राध्यापकीत हा प्रश्न मला कुणी विचारला नव्हता.

निघताना समोरच्या घराला वळसा घालून, रस्त्याच्या या कडेने गेलीस. जाताना मान किंचित झुकवलीस. ते मी पाहिलं.

आई


३० नोव्हेंबर

ठके,

मी तिथून निघाले. कुणी काढलं नाही; तसं म्हटलं तर काढलंच.

मंगळवारी दिवेलागणीला मी स्वयंपाकघरात होते. गावातली दारं लागत लागत खाली आली, समोरचं लागलं, आणि मी आपलं लावायला उठले. तर ते आधीच लागलेलं होतं. आतून कडी घातलेली. मी घातली नव्हती.

पुढच्या खोलीत बाईंचं काचा घासायचं चाक फिरत होतं. तुला ठाऊक नसेल, त्याला एक बारीक गुणगुण असते, आणि काच टेकली की आवाज जाड होतो. भिंतीवर डोळे तपासायचा अक्षरांचा तक्ता, खाली रिकामं स्टूल, आणि चाक फिरतंय.

मी म्हटलं, "बाई, आलात?"

"आले," बाई म्हणाल्या. आवाज दमलेला, पण त्यांचाच. "तुम्हाला फार त्रास झाला."

"त्रास कसला? पाय बरा आहे?"

"आता दुखत नाही."

मी दाराशीच उभी राहिले. चाक थोडं थांबलं. मग त्या म्हणाल्या, "पाहुणीला जा म्हणवत नाही. पण माणसाला आपलं घर आपल्याला लागतं हो."

एवढं सरळ वाक्य माझ्या सबंध पुस्तकात नाही.

मी म्हटलं, "तुम्ही येईपर्यंतच राहायचं ठरलं होतं. उद्या निघते." आणि आत जाऊन कपडे भरले. रात्रभर चाक चालू होतं, आणि खरं सांगते, त्या आवाजात मला गाढ झोप लागली.

सकाळी चौकीदार आला तो सायकल हातात धरून. धरणाच्या कार्यालयात भाच्याचा फोन आला होता. बाई मंगळवारी दुपारी इस्पितळातच वारल्या.

"समजलं होतं मला," मी म्हटलं. त्याने पुढे विचारलं नाही. माझी पेटी सायकलला बांधली. मी पायरी उतरले आणि मागे दार लागलं. मी हात लावला नव्हता. चौकीदाराने या वेळी कान झाकले नाहीत. टोपी काढली आणि रस्त्याच्या मधोमध उभा राहिला.

कायद्याने बाईंबरोबर अपील संपलं. भाचा पुढे चालवणार नाही. तुम्ही जिंकलात. मला हरल्यासारखं वाटत नाही, पण मला जे वाटतं त्याला माझ्याकडे शब्द नाही.

आई


१७ जानेवारी

ठके,

धरणाचे दरवाजे टाकून पाणी अडवलं त्या दिवशी मी आले होते. तूही होतीस, मंडपापासून लांब, कठड्याशी एकटी. मी तुला पाहिलं, तू मला पाहिलंस, आणि दोघी आपापल्या जागी राहिलो. पाणी पहिल्या घरात शिरलं तेव्हा बँड वाजत होता, त्यामुळे दुसरं काही ऐकू आलं नाही. तू भूसंपादनाचे सगळे खटले सोडून दिलेस असं परवा कानावर आलं. त्याबद्दल विचारत नाही. सांगायचं असेल तेव्हा सांग.

हे पत्र वेगळ्या कारणाने लिहिते आहे.

पुस्तकाची नवी आवृत्ती काढायची म्हणून प्रकाशक मागे लागलाय. मला जुने निकाल हवे होते. तू वेगळी राहायला गेल्यापासून मी ते तुझ्या खोलीत रचून ठेवले आहेत. सोमवारी संध्याकाळी तिथे गेले तर दार आतून बंद.

आधी वाटलं, लाकूड फुगलं. मग आत चेंडूचा आवाज आला. भिंतीवर चेंडू मारत पाठांतर करायची तुझी सवय होती ना, तसा. मधे अडखळून परत पहिल्यापासून. मी मूठ उगारली ती दार ढकलायला, पण टकटक केलं.

"थांब ना गं आई," आतून तू म्हणालीस. वय तेरा-चौदाचं असेल. "सारखं काय?"

मी घाबरून आधी तुला फोन लावला. म्हटलं, पोरीला काही झालं की काय. तू उचललास, "मीटिंगमध्ये आहे" म्हणालीस आणि ठेवलास. म्हणजे धडधाकट आहेस. मी तिथेच जमिनीवर बसले आणि देवाचे आभार मानले, मी, जी मानत नाही.

दुसऱ्या दिवशी सुतार बोलावला. त्याने दार दाबून पाहिलं. म्हणाला, "आतून कडी आहे, आणि फार खाली बसवलीय. लहान मुलाच्या हाताला येईल अशी. तोडू का?"

तू पाच वर्षांची होतीस तेव्हा ती मीच बसवून घेतली होती. तुझा हात पोचला पाहिजे म्हणून सुताराशी भांडून खाली. तुझे बाबा म्हणाले होते, "पोर आत अडकेल." मी म्हटलं होतं, "अडकली तर हाक मारेल."

मी सुताराला म्हटलं, "तोडू नका. आत माणूस आहे." तो माझ्याकडे बघून निघून गेला. आता वाड्यात बोलतील, बोलू देत.

निकाल आतच राहू देत. आवृत्तीचं पुढचं पुढे. रोज संध्याकाळी मी जेवायला हाक मारते. "आले," असं उत्तर येतं, आणि कोणी येत नाही. मी दोन ताटं घेते.

ठके, खोली तुझी आहे. तू गेलीस तेव्हा ती सोडून गेली नव्हतीस, हे मला तेव्हाच कळायला हवं होतं, ते आता कळलं आहे. आत तुझं तुझ्याशी काय असेल ते तू येऊन बघ. मला दाराबाहेर उभी राहू दे. मी ढकलणार नाही, आणि तू बोलावल्याशिवाय आत येणार नाही.

वाट बघते.

आई